एका ‘काढा’चा तपास

“माझी नजर म्हणजे क्ष-किरण, माझे कान म्हणजे उपग्रह. मेंदूबद्दल मी स्वतः काही बोलणं बरं नव्हे,” असं म्हणून अंबरीश पुढची दहा मिनिटं मेंदूबद्दलच बोलला.

आयर्लंडमधल्या एनिस गावातल्या त्या स्वयंपाकघरात श्रोता एकच. त्याची बायको रेवती, आणि तीही पोळ्या लाटत होती. अंबरीश नोकरीने वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात सदोष नळ्या शोधी, आणि हौसेने गुप्तहेर होता. नळ्या सापडत. घरी मात्र कपाळावरच्या चष्म्याचा तपास तीन दिवस चालला होता.

आजची केस मोठी होती. त्यांची लेक चैत्राली एका चिमुकल्या कॉलेजच्या फुटबॉल संघाची गोलकीपर. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देणारी ही मुलगी, पण आजीला वाचता यावं म्हणून महिनाभर खपून तिने इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात आपल्या संघावर लेख लिहिला होता. आणि आता लेखाच्या माथ्यावर पाटी लागली होती: ‘एवढ्याशा संघाला स्वतंत्र लेख कशाला? मत द्या: ठेवा किंवा काढा. निर्णय आज सायंकाळी सहा.’

“इफ इट गोज, आय’म डन विथ मराठी,” चैत्राली म्हणाली. रेवतीची पोळी करपली.

तीन मतं ठेवा, तीन काढा. सातवं पहाटे साडेपाचला पडलेलं, ‘हरिदासी’ नावाने: ‘काढा. दिवसातून दोनदा. सगळ्या मुलींना. कंटाळा करू नका.’

“केवढा हा द्वेष!” अंबरीशने टिचकी वाजवली. “लेख काढून भागत नाही, मुलींनाही काढा म्हणते! तेही दोनदा!”

“अरे, एकदा काढल्यावर दुसऱ्यांदा काय काढणार?” रेवतीने विचारलं.

“तेच तर क्रौर्य! हरि म्हणजे हॅरी. दासी म्हणजे त्याची हस्तक. चैत्राली, लिमरिकच्या संघात कुणी हॅरिएट आहे?”

“देअर इज. शी’ज लव्हली, डॅड.”

“लव्हलीच असतात! गोल खाल्ल्याच्या रागात मराठी शिकली.”

“बट दे वन, डॅड. वी लॉस्ट फोर-वन टू देम!”

“मग जिंकल्याच्या माजात शिकली.” साडेपाचच्या वेळेवरून त्याने आधी दूधवाला पकडला, मग पहाटपाळीची नर्स. शेवटी तो स्वतःवरही संशय घेऊन बघत होता. घड्याळात साडेपाच वाजले, संध्याकाळचे.

आतल्या खोलीत रोहिणीबाईंचं मोबाइलवरचं कीर्तन संपलं. तीन महिन्यांसाठी आलेल्या अंबरीशच्या आई झांजेचा ठेका चुटकीवर धरतच बाहेर आल्या.

“काय रे, घेतला का कुणी?”

“काय, आई?”

“काढा! चैत्रूच्या लेखात वाचलं, अंतिम सामन्यात निम्म्या मुली शिंकत होत्या. खाली लिहायला जागा होती, तिथे लिहून ठेवलं. नाव विचारलं, तर हरिदासी टाकलं. आलं तुमच्या त्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, खालच्या फळीवर आहे.”

चैत्राली हसत हसत जमिनीवर बसली. अंबरीशने चष्मा शोधला. कपाळावर होता.

“आणि लहान संघ म्हणून लेख नको म्हणतात, आजी.” चैत्राली कळवळून म्हणाली. मराठीत.

रोहिणीबाईंनी पदर खोचला. “लिही गं रेवती, माझ्या नावाने. ‘काढा म्हणजे आल्याचा. माझं मत: ठेवा. गाभाऱ्यात मोठी मूर्ती असते, म्हणून दारातल्या गणपतीला कोनाडा नको का? तिथेही कुणीतरी रोज फूल वाहतं.’”

रेवतीने लिहिलं. चैत्रालीने खाली गावच्या साप्ताहिकात संघावर आलेल्या दोन बातम्या जोडल्या. सहाला सगळे टॅबलेटभोवती गोळा झाले.

“मी मूळ कारण अगदी जवळून...” अंबरीश सुरू झाला.

“श्श!” तिघीही म्हणाल्या.

सहा वाजून चार मिनिटांनी ज्ञानकोश सांभाळणाऱ्या नागपूरच्या प्रचालकांचा, पुरुषोत्तम नावाच्या गृहस्थांचा, निर्णय उमटला:

‘बातम्या पाहिल्या. ठेवा. कोनाडा मंजूर.

ता. क. मलाही तीन दिवस खोकला आहे. आलं किती घालायचं?’