दिगूकाकांची भुतं

भुताला "हनुवटी खाली, नजर वर" असं सांगणारा माणूस मंगरूळपीरात एकच. आमचे शेजारी दिगूकाका.

पुण्यातल्या त्यांच्या पोरानं स्वतःसाठी नवं गेमचं यंत्र घेतलं आणि जुनं काकांच्या टीव्हीला जोडून दिलं. काकू गेल्यापासून घरात एकटेच, तेवढाच वेळ जाईल म्हणून. आतला खेळ जपानी. पडक्या घरात भुतं हिंडतात आणि आपल्या हाती फक्त एक जुना कॅमेरा. भूत अंगावर आलं की फोटो काढायचा, म्हणजे ते कायमचं नाहीसं होतं.

आता काकांनी उभा जन्म बसस्टँडसमोर फोटो स्टुडिओ चालवलेला. घाईनं बटण दाबतील तर शपथ! भूत गळ्याशी आलं तरी हे उजेड बघत बसतात आणि खेळात मरतात. वर भुतालाच झापतात, "हलू नोको म्हटलं ना तुले! फोटो बिघडला का मंग मलेच बोलशीन!"

भर दुपारी टीव्हीतल्या भुतांच्या किंकाळ्या ऐकून गल्लीतल्या बायका भांडायला आल्या. घरात भुतं कायले बोलावता म्हणे. काका ओट्यावर येऊन कडाडले, "तुमच्या घरच्या मेलेल्याइचे फोटो कोनं काढले? तवा नाई भ्याल्या?"

बायका आल्या पावली परतल्या. गावात कुणी गेलं की तिरडी बांधायच्या आत काकांना बोलावणं जायचं. कित्येकांच्या भिंतीवर हार घातलेला आहे तो आयुष्यातला एकुलता एक फोटो, काकांनीच काढलेला.

दिवाळीला पोरगा आला, तेव्हा मीही फराळाला तिथंच होतो. काका कितीतरी महिने खेळातल्या एकाच खोलीत अडकलेले. तिथं एक बाई उभी असते, किमोनोची लांब बाही तोंडावर धरून.

"बाबा, दाबा ना बटन. हे गेली का पुढचं दार उघडते."

"नाई दाबत."

"मंग खेळ संपन कसा?"

"नोको संपू दे."

पोरानं रिमोट घ्यायला हात घातला. काकांनी तो असा हिसकला की चिवड्याची ताटली उपडी झाली.

"काका, एवढा हट्ट काहून?" मी विचारलं.

"तुही काकू अशीच होती, राजा. कॅमेरा उचलला का पदर तोंडावर. साऱ्या गावाचे फोटो काढले म्या, तिनं एक काढू देला नाई. गेली तवा सारे म्हणे, आता तरी काढा, भिंतीवर लावाले पाह्यजे. म्या कॅमेऱ्याले हात नाई लावला. आता तिले पदर घेता येत नोता ना."

पोरगा खाली बसून चिवडा गोळा करू लागला. त्या हट्टावरून जीव ओवाळून टाकावा असं मला वाटलं.

काका टीव्हीकडे वळले. ती बाई तशीच उभी होती.

"राह्य तू," ते तिला म्हणाले. "कोनी नाई काढत तुहा फोटो."