लागलं तर न्या, परत आणा

आमच्या दरीतल्या संग्रहालयात ‘वस्तूंना हात लावू नये’ अशी पाटी नाही. ‘लागलं तर न्या, परत आणा’ अशी आहे. ती शांतवनमामांनी स्वतः रंगवली आहे.

अकोले तालुक्यातल्या डोंगरात आमचं जुनं दगडी चर्च आहे. त्याच्या आवारातल्या पाद्रीसाहेबांच्या बंगल्यात दोन खोल्यांचं हे संग्रहालय. मामा चर्चचे राखणदार, घंटा वाजवणारे आणि संग्रहालयाचे सर्वेसर्वा. मी समोरच्या शाळेतला मास्तर, म्हणजे त्यांचा हक्काचा श्रोता.

मिशनच्या काळातला सागवानी पाळणा, पायपेटी, गॅसबत्त्या, तांब्याचा भलामोठा हंडा असा सगळा ऐवज. पण बारसं निघालं की पाळणा गेला, लग्न निघालं की हंडा गेला. जागेवर फक्त चिठ्ठी: ‘पाळना भागाबाईच्या नातवाकडं हाय.’

“मामा, हे संग्रहालय आहे की भाड्याने भांडी देणारं दुकान?”

“वापरली न्हाई तर वस्तू रुसती, गुरुजी,” हे ठरलेलं उत्तर.

मग मिशनच्या नगरच्या कचेरीतून तपासणीचं पत्र आलं. यादीतली एक जरी वस्तू कमी भरली, तर सगळं सामान नगरला हलवणार! मामांनी पत्र वाचलं, खिशात ठेवलं आणि तपासणीच्या आदल्या दिवशी हंडा लग्नाला देऊन टाकला.

“नवरीच्या बापाला न्हाई कसं म्हनू?”

तपासणीच्या मॅडम आल्या. फळ्यांवर चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. त्यांचा चेहरा बघून मला घाम फुटला. मामा मात्र उठले आणि चर्चची घंटा बडवू लागले. रविवार नसताना घंटा म्हणजे काहीतरी आक्रीत, हे अख्ख्या दरीला ठाऊक. माणसं धावत आली.

“आपलं सामान नगरला चाललंय!” मामा पायरीवरून ओरडले. “ज्याच्याकडं जे हाय ते आना!”

मग जी वरात निघाली म्हणता! आचाऱ्याने भात घाईघाईने परातींत उपसून हंडा गरमच आणला. पायपेटी चौघांनी आणली. पाळणा दोघांनी उचलून आणला, आत भागाबाईचा नातू गाढ झोपलेला.

“हे यादीत नाही,” मॅडम म्हणाल्या आणि पहिल्यांदाच हसल्या.

मोजणीत पाच वस्तू जास्त भरल्या. काही कमी पडायला नको म्हणून लोकांनी घरचे अडकित्ते नि कंदीलही आणून ठेवले होते! ‘वस्तू इथेच राहाव्यात,’ असा शेरा मॅडमनी मारला आणि लोकांनी मामांना खांद्यावर घेतलं. पोरांना गप्प बसवणारा मी, त्या दिवशी घसा बसेपर्यंत ओरडलो.

संध्याकाळी सगळे पांगले. मामी जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी नाशिकला. भरलेल्या फळ्यांसमोर मामा एकटेच बसले होते.

“आता तरी जरा बघून देत जा,” मी म्हणालो.

“दिलं न्हाई तर परत द्यायला कोन येईल, गुरुजी?”

घरी विजेचे दिवे लखलखत असताना मी एक गॅसबत्ती मागितली. मामांनी ती पुसून हातात दिली.

“उद्याच आना बरं का,” ते म्हणाले. “चहाला दूध घेऊन ठेवतो.”