मूळ सशाचा अभिप्राय

विषय : किल्ल्याच्या बागेतील झुडपाखाली राहू देण्याबाबत मोराग ससीण यांचा अर्ज.

मुलांनो, उपरोक्त बाग एका जंगलात होती. जंगल स्कॉटलंडातले. म्हणजे वाघ नाहीत, ऊन बेताचे आणि धुके हवे तेवढे.

मधोमध जुना दगडी किल्ला. त्याच्यापुढची बाग इतकी शिस्तीची, की गवताची काडीसुद्धा मान वर काढण्याआधी विचारून घेई. झुडपे कातरून कुणाचा चेंडू केलेला, कुणाचा मनोरा. एका झुडपाचा तर ससाच केलेला होता.

बागेचे अधीक्षक एक मोर होते. त्यांचे पणजोबा आपल्याकडूनच जहाजाने तिकडे गेलेले. थंडी मानवली नाही, साहेबी मानवली.

कातरकाम बोकडाकडे होते. गेल्या उन्हाळ्यात सशाचे डोके घडवताना त्याचे लक्ष उडाले आणि त्याने एक कान खाऊन टाकला. मोरसाहेबांनी चौकशी केली नाही. पाटी लावली : 'प्राचीन एककर्णी ससा'. बोकड रवंथ करत राहिला.

याच झुडपाखाली मोराग व्याली. पिलांचे डोळे अजून उघडायचे होते, तोच हुकूम निघाला. किल्ल्यातल्या राजेसाहेबांकडे पाहुणे यायचे आहेत, विनापरवाना प्राण्यांनी बाग सोडावी. बागेबाहेर रान होते. रानात कोल्हा होता.

मोराग अर्ज घेऊन गेली. मोरसाहेबांनी तिला नीट न्याहाळले.

"तुम्हाला कान दोन दिसतात."

"सशांना दोनच असतात, साहेब."

"खिडकीतून समोर बघा. ते साडेतीनशे वर्षं ससे आहेत. तुम्ही कधीपासून?"

"जन्मापासून."

"म्हणजे अलीकडेच."

ती बाहेर आली. बोकड कुंपणापाशी उभा होता. झुडपाचा कान आपणच खाल्ल्याचे त्याने हळूच सांगितले आणि फार ओशाळून विचारले, "बाई, तुमचाही एक घेऊ का? मग कागदोपत्री अडचण राहणार नाही."

मोरागने दोन्ही कान खाली पाडले आणि विचार केला. मग ती परत आत गेली.

"साहेब, चुकलं माझं. मूळचे ते आहेत. त्यांना विचारल्याशिवाय माझा अर्ज निकाली काढणं बरं नव्हे."

मोरसाहेबांचा पिसारा आपोआप फुलला. या बागेत इतके नियमाला धरून कुणी बोललेच नव्हते. त्यांनी तिथल्या तिथे शेरा मारला : 'मूळ सशाचा अभिप्राय मागवावा. तो येईतो कोणासही हलवू नये.'

पाहुणे आले, पाटी वाचून माना डोलावून गेले. पिलांचे डोळे उघडले. पुढे त्यांनाही पिले झाली, सगळी दोन कानांची. मोरसाहेब दर महिन्याला झुडपाला स्मरणपत्र देतात. बोकड ते खातो.

मूळ सशाचा अभिप्राय अद्याप आलेला नाही. अर्ज प्रलंबित आहे.

तात्पर्य : मुलांनो, सत्य आपल्या बाजूला असले तरी घाबरू नये. निकाल लागू देऊ नये, म्हणजे झाले.