व्याह्यांचे पूर्वज

सोमणकाकांच्या शर्टाच्या खिशात दोन वस्तू कायम असतात, एक बॉलपेन आणि एक जुना टूथब्रश. टूथब्रश दातांसाठी नाही. तो मेलेल्या अमेरिकन माणसांसाठी आहे. आयोवातल्या कुठल्याही कबरस्तानात काकांना सोडा, ते गुडघ्यांवर बसून थडग्यावरचं शेवाळ घासायला लागतात, जन्म-मृत्यूची सालं वाचतात, तोंडातल्या तोंडात वजाबाकी करतात आणि म्हणतात, "सत्त्याऐंशी. वा, शाबास." साठीच्या आत गेलेल्यांना शाबासकी नाही. त्यांच्याकडे ते असं बघतात, जसं काही त्या बिचाऱ्यांनी हलगर्जीपणाच केला होता.

काका आमच्या शेजारी राहतात. घर त्यांच्या मुलाचं, निनादचं, आणि सुनेचं, एमिलीचं. काकू गेल्यावर काका इकडे आले. त्याआधी सातारा जिल्ह्यात तीस वर्षं तलाठी होते. कोणाचा बाप कोण, वारस किती, हयात कोण, मयत कोण, यात सगळी नोकरी गेली. त्यामुळे कुणी काहीही सांगितलं की त्यांचा पहिला प्रश्न असतो, "नोंद आहे का?" मी एकदा सहज म्हटलं, काका, उद्या बर्फ पडणार आहे. लगेच विचारलं, "नोंद?" शेवटी फोनवर हवामान उघडून दाखवावं लागलं.

आणि माणूस भयंकर भित्रा. मीही काही फार शूर नाही, पण माझं भिणं आपलं येईल तसं असतं. काकांचं दफ्तर लावल्यासारखं आहे. फोन वाजला की आधी खुर्चीत बसतात, मगच उचलतात, आणि हॅलोच्या जागी "एव्हरीबडी ओके?" म्हणतात. निनाद जिना चढून आला की शेजारच्या खोलीत बसून त्याचे श्वास ऐकतात. हिवाळ्यात तो उठायच्या आत फावडं घेऊन ड्राइव्हवेवरचा बर्फ स्वतः काढून टाकतात, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी. मी दारातून रागावले तर म्हणाले, "त्याने काढला तर मला भीती वाटते. मी काढला तर फक्त तुला वाटते. त्यातल्या त्यात हे बरं."

टूथब्रशचं प्रकरण जानेवारीत सुरू झालं. एमिलीने जेवताना बातमी दिली की बाळ होणार आहे. मी साबुदाण्याची खिचडी द्यायला गेले होते, म्हणून तिथेच होते. निनाद लाजला, मी एमिलीला मिठी मारली, आणि काकांनी तिला विचारलं, "तुझे आजोबा कितव्या वर्षी गेले?"

निनाद म्हणाला, "बाबा, प्लीज यार." एमिली बिचारी हसून म्हणाली की नक्की माहीत नाही, तिच्या जन्माआधीच गेले. दुसऱ्या दिवशी काकांनी ब्रँट घराण्याची वंशावळ काढायला घेतली.

आता एमिलीचे वडील, डेल ब्रँट, चांगले हयात आहेत. इथून दीड तासावर मक्याची शेती करतात. त्यांना एक फोन केला असता तर काम झालं असतं. पण काका कानाला हात लावायचे. "व्याह्यांना विचारायचं? अगं, असल्या गोष्टी लग्नाआधी विचारल्या तर ती चौकशी. लग्नानंतर विचारल्या तर ते भांडण." मग लायब्ररीतल्या बाईंना कामाला लावलं, जुन्या शिरगणतीची पानं काढली, आणि दिवाळीच्या गिफ्टच्या कागदाच्या पाठीवर तक्ता मांडला. त्यात कोणाचं लग्न नाही, धंदा नाही, बायकांना तर जागाच नाही. फक्त पुरुष आणि त्यांची वयं. साठीच्या आतलं लाल पेनाने, ऐंशीच्या वरचं हिरव्याने.

पहिलंच नाव लाल निघालं. एमिलीचे आजोबा, हॅरल्ड वॉल्टर ब्रँट, पंचावन्न. दोन दिवस काका धड जेवले नाहीत. मग त्याचा बाप वॉल्टर सापडला. एक्क्याण्णव. वॉल्टरचा बाप ऑटो, अठ्ठ्याऐंशी. त्याच्या वरचे दोघेही ऐंशीच्या पुढे. काका तक्ता घेऊन आमच्या किचनमध्ये आले. "एक पोरगा नापास झाला," म्हणाले, "पण घराणं फर्स्ट क्लास आहे."

एप्रिलमध्ये त्यांना वॉल्टरचं थडगं डोळ्यांनी बघायचं होतं. निनादला कळू द्यायचं नव्हतं, म्हणून ड्रायव्हर मी. वाटेत शेवटी विचारलंच, काका, हे कशासाठी चाललंय? ते खिडकीबाहेरच्या नांगरलेल्या जमिनी बघतच बोलायला लागले.

"माझे आजोबा सेहेचाळिसाव्या वर्षी गेले. हार्ट. वडील चव्वेचाळीस. थोरला भाऊ अठ्ठेचाळीस, आंघोळीला गेला तो बाहेर आलाच नाही. मी चुकून राहिलोय. निनाद आता बेचाळीस आहे. आमच्याकडून त्या बाळाला काय जायचं ते जाईल, ते काही माझ्या हातात नाही. निदान तिकडून तरी बरं काही येतंय का, एवढंच बघतोय."

मी एसी कमी-जास्त करत बसले.

पुढे डांबरी रस्ता संपून खडीचा लागला, फोनची रेंज गेली, आणि मला माझी स्वतःची भीती वाटायला लागली. मैलोनमैल माणूस नाही. कबरस्तान एका टेकाडावर, भोवती तारेचं कुंपण. काकांनी तक्ता गवतावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले आणि वॉल्टरला घासायला घेतलं. दहा मिनिटांत धुरळा उडवत एक पिकअप ट्रक आला. त्यातून टोपी घातलेला सहा फुटी माणूस उतरला आणि सरळ आमच्याकडे चालत निघाला. परक्यांच्या कबरस्तानात आपण दोन परकी माणसं, त्यात एकाच्या हातात टूथब्रश. हे इंग्रजीत कसं समजवायचं?

"काका," मी कुजबुजले, "आपण निघू या."

काकांनी वर बघितलं. त्यांच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. "अगं," ते म्हणाले, "हे तर व्याही."

डेलना शेजारच्या शेतावरून कुणीतरी कळवलं होतं की तुमच्या लोकांच्या थडग्यांपाशी कुणीतरी खुडबुड करतंय. काका उठून उभे राहिले, ब्रश पाठीमागे लपवला आणि दुसरा हात पुढे करून म्हणाले, "हॅलो, सर. व्हेरी नाइस सिमेट्री."

डेलनी चष्मा लावला, वाकले, आणि सगळा तक्ता वाचला. मग म्हणाले, "यात वॉल्टर काय करतोय?"

"फादर," काका म्हणाले. "हॅरल्ड वॉल्टर. मिडल नेम. आय ॲम दिगंबर रामचंद्र. रामचंद्र, माय फादर."

डेलना हसू आवरेना. मला मात्र घाम फुटला, कारण वीस वर्षं इथे राहून ही चूक माझ्याही लक्षात आली नव्हती. माझ्या लायसन्सवर मधे नवऱ्याचं नाव आहे. आपल्याकडे मधलं नाव म्हणजे कोणाचं तरी असतंच. डेलनी सांगितलं की इथे ते आवडीने ठेवतात. वॉल्टर हा पलीकडच्या शेतातला. आडनाव तेच, नातं काही नाही. हॅरल्डच्या जन्माच्या वेळी हिमवादळ होतं, आणि हा वॉल्टर घोड्यावरून जाऊन डॉक्टरला घेऊन आला. त्याचे उपकार म्हणून नाव.

"माझे आजोबा कार्ल," डेल म्हणाले. "ते तिकडे, कुंपणापाशी."

काका तिकडे गेले. मीही मागे गेले. दगड लहानसा, वाकलेला. त्यांनी तो घासला नाही, नुसता वाचला. या वेळी वजाबाकी त्यांनी तोंडाने केली नाही, मीच मनात केली. एकोणचाळीस.

"हार्ट," डेल मागून म्हणाले. त्यांनी टोपी काढली होती. "पेरणीच्या दिवसांत, शेतातच. माझ्या वडिलांचंही हार्टच. मलाही दोन अटॅक येऊन गेलेत. एमिलीला एकच माहीत आहे."

काकांचा हात कार्लच्या दगडावर होता. बाळाच्या दोन्ही बाजू आता त्यांना माहीत झाल्या होत्या, आणि मलाही. इतकी भीती मला त्या ट्रकची वाटली नव्हती.

डेल टोपी हातात फिरवत होते. "तिने बाळाचं सांगितल्यापासून मला झोप नाही," ते म्हणाले. "तुम्हाला लग्नातच विचारणार होतो, पण बायको म्हणाली, असं विचारणं बरं दिसत नाही. मिस्टर सोमण, तुमच्याकडची माणसं किती जगतात? तुमचे वडील?"

काकांनी दगडावरचा हात काढला. पाठ सरळ केली.

"नाइन्टी टू," ते म्हणाले. "माय ग्रँडफादर, नाइन्टी फाइव्ह. ऑल व्हेरी स्ट्राँग. माय ब्रदर, स्टिल प्लेइंग बॅडमिंटन."

डेलनी डोळे मिटले. त्या मोठ्या चेहऱ्यावरचा ताण हळूहळू उतरत गेला. "मग पोराला अर्धा तरी चान्स आहे," ते म्हणाले, आणि बाहीने डोळे पुसायला लागले.

काका त्यांच्या खांद्यापर्यंत जेमतेम पोहोचतात. तरी टाचा उंचावून ते व्याह्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. माझ्याकडे न बघता, अगदी साध्या आवाजात मराठीत म्हणाले, "तू काही बोलू नकोस. ते बघतायत. हसत राहा."

मी हसत राहिले.