आवाज पोचायच्या आत

नाना देसले नव्या माणसाशी ओळख झाली की आधी त्याच्या खांद्याकडे बघत. नाव, गाव, खातं हे सगळं नंतर. मान जराशी कलती करायची, एक डोळा बारीक करायचा, खांद्याखालची जागा न्याहाळायची आणि पुटपुटायचं, "तीनशे पंधरा. बास." म्हणजे या माणसाला उडवायला तीनशे पंधरा बोअरची रायफल पुरे. मनात वाकडं काही नसे. शिंप्याला माणूस दिसला की आधी छातीचं माप दिसतं, तसं हे.

मी धुळ्याच्या वजनमापे कचेरीत कारकून म्हणून लागलो, त्या दिवशी त्यांनी मला असंच पाहिलं आणि म्हणाले, "बावीस."

"बावीस काय?"

"बावीस बोअर. पारव्यांसाठी असते."

कचेरी हसली, मीही हसलो. आमचे मोठे साहेब अंगाने दणकट होते. त्यांच्याविषयी नानांचं मत विचारलं, तर म्हणाले, "साहेबांना रायफल वाया घालवू नये. ते बसल्या जागेवरून हलत नाहीत."

नाना आमच्याकडे निरीक्षक होते. शेर-छटाक जाऊन किलो-ग्रॅम आले होते, तरी खेड्यापाड्यांतल्या बाजारांत जुनी वजनं लपूनछपून चालत. नाना साक्री, पारोळा असे बाजार फिरत आणि दुकानदारांची मापं तपासून शिक्के मारत. मारवाडी दुकानदार त्यांना टरकून असत, कारण नाना चहासुद्धा घेत नसत. एखादं झिजलेलं वजन तळहातावर घेऊन ते उगाच झुलवत बसायचे. दुकानदाराचा जीव टांगणीला. आणि नाना म्हणायचे, "शेठ, एवढ्याच वजनाची गोळी हरणाला फार होते का हो?"

सगळं घोडं तिथे अडलं होतं. नानांना आयुष्यात एक हरीण मारायचं होतं. फक्त एक. त्यासाठी रायफल घ्यायची होती आणि कोणत्या बोअरची घ्यावी हे ठरत नव्हतं. मी रुजू होण्याच्या कितीतरी आधीपासून ठरत नव्हतं. त्यांच्याकडे सरकारी परवाना होता. परवाना मिळाला की ठरावीक मुदतीत हत्यार विकत घ्यावं लागतं, नाहीतर तो रद्द होतो. नाना दर खेपेला कलेक्टर कचेरीत जाऊन मुदतवाढ आणत. तिथला कारकून एकदा म्हणाला, "नाना, लग्नं लांबतात, पण नवरी तरी पाहून ठेवलेली असते हो!"

नवऱ्या भरपूर पाहून झाल्या होत्या. तीनशे पंधरा देशी, सहज मिळणारी, पण नानांच्या मते हरणाला जड. दोनशे सत्तर गुणी, पण परदेशी, तिची काडतुसं कोण आणणार? बावीसचं नाव काढलं तर ते कानांवर हात ठेवत. "लहान गोळीने हाल, मोठ्या गोळीने माज," हे त्यांचं ब्रीद. हाल हरणाचे, माज आपला. या दोहोंच्या मध्ये कुठेतरी एक गोळी आहे, जी हरणाला लागली हे हरणालाच कळणार नाही. "आवाज पोचायच्या आत," नाना म्हणत. "बार ऐकू यायच्या आत ते गेलेलं पाहिजे. मान खाली, तोंडात गवत, आणि संपलं."

पांझरा नदीच्या पलीकडे देवपुरात ते आणि त्यांची थोरली विधवा बहीण अक्का असे दोघंच राहत. नानांनी लग्न केलं नव्हतं. दर रविवारी मी तिथे जायचो. चहा नाना स्वतः करत. सोनाराचा असतो तसला छोटा काटा त्यांच्याकडे होता, त्यावर ते पाहुण्याची साखर तोलत. प्रत्येकाचं माप एकदा विचारून घेतलं की कायमचं ध्यानात. मला गोड लागतं, म्हणून माझ्या पारड्यात एक बारकं वजन जादा पडायचं. ते पडल्याची टिचकी बाहेर ओसरीवर ऐकू यायची. मग चहा आणि मग बोअरपुराण. आतून अक्का ओरडायची, "हाऊ रायफल लेई, मंग मी हरीन रांधसू! तवपावत तू भरीत खाय, भाऊ!"

जळगावला बंदुका-काडतुसांचं दुकान असलेले अब्बासभाई तर हात टेकून बसले होते. नाना दुकानात शिरले की ते नोकराला सांगत, "सगळी कपाटं उघड. घ्यायचं काही नाही, पण उघड." एकदा मी बरोबर होतो. अब्बासभाई वैतागून म्हणाले, "नानासाब, आप बोअर तय करोगे तब तक हिरन बुढापे से मर जाएगा."

"तर मग फारच उत्तम," नाना म्हणाले. अगदी गंभीरपणे.

मला तो विनोद वाटला. कचेरीत मी तो नक्कल करून सांगितला. नानांची नक्कल मी चांगली करायचो, हेही इथे सांगून टाकतो.

एकदा पारोळ्याच्या बाजारावरून येस्टीने परतताना मी त्यांना विचारलं, "नाना, एवढा जीव तुटतो तर मारूच नका ना हरीण. तुमच्यावर जबरदस्ती कुणाची आहे?"

नानांनी खिडकीची काच ओढून लावली. मग बोलले. साक्रीकडच्या गावी त्यांच्या वडिलांकडे ठासणीची बंदूक होती. वडिलांनी एका हरणीवर बार टाकला, तो जबड्याला लागला. हरणी पळाली. पुढे ती रोज ओढ्यावर यायची. नाना तेव्हा लहान, गुरं घेऊन तिथेच असायचे. ती पाण्याला तोंड लावायची आणि पाणी खालून गळून जायचं. पुन्हा लावायची, पुन्हा गळायचं. "पाणी समोर होतं हो," नाना म्हणाले. "पोटरीएवढं पाणी होतं."

"मग तर कधीच मारू नये."

"तसं कसं? ते बाकीच राहिलं ना. आमच्या घराकडून एक तरी नीट व्हायला पाहिजे. एक नीट झालं की मी परवाना परत करून टाकीन."

हे ऐकूनही मी सुधारलो नाही. उलट मला वाटलं, हा गुंता आपण सोडवून टाकू. पुढच्या हिवाळ्यात साक्रीच्या बाजारात एका गावचे पाटील भेटले. हरणांनी त्यांच्या हरभऱ्याचं वाटोळं केलं होतं. ते म्हणाले, "साहेब, तुमची रायफल येवो तेव्हा येवो. माझी बारा बोर आहे, ती घ्या."

"बारा बोर? हरणाला?" नाना दचकलेच.

पण या खेपेला मी सोडलं नाही. आठवडाभर मागे लागलो. शेवटी कचेरीत सगळ्यांदेखत म्हणालो, "नाना, बोअर-बिअर काही नाही. तुम्ही भिता!"

नाना पिशवी उचलून घरी गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं. रात्रभर विचार केलेला दिसत होता. बारा बोरने जमू शकतं, पण अगदी जवळून, आणि काडतूस एल.जी.चंच हवं. त्यात मोजके मोठे छर्रे असतात, ते जनावर जागीच पाडतात. मी कचेरीच्या कामाला जळगावला जाणारच होतो. "भाऊ, अब्बासभाईंकडून एल.जी. आणा. दुसरं काही नको. नसलं तर आणू नका, आपण जाणारच नाही."

मी जळगावला पोचलो तो शुक्रवार होता. शुक्रवारी अब्बासभाईंचं दुकान बंद, हे मला पक्कं ठाऊक होतं, पण निघताना ध्यानात आलं नाही. थांबलो असतो तर मुक्काम पडला असता. ज्यांच्याकडे कामाला गेलो होतो त्या गृहस्थांना बदकं मारायचा नाद होता. त्यांनी खणातून काही काडतुसं काढून दिली. चार नंबर. बारीक छर्रे, मोजता येणार नाहीत इतके. मी म्हटलं, थोडे मोठे काय आणि पुष्कळ बारीक काय, शिसं ते शिसंच. नानांचा चोखंदळपणा नानांपाशी.

काडतुसाच्या तोंडावर पुठ्ठ्याची गोल चकती असते, तिच्यावर नंबर छापलेला असतो. तो चार दिसू नये म्हणून पहाटे पाटलांच्या शेतात बंदूक मी भरली. नानांना ते बरंच वाटलं.

"एल.जी. ना?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "हो."

उजाडलं तेव्हा हरणं बांधाजवळ आली. एक नर अगदी पुढ्यात आला. नाना नेम धरून बसले, बसले, बसूनच राहिले. मी कुजबुजलो, "नाना, मारा." हरणाने मान वर केली, आमच्याकडे पाहिलं आणि नानांनी बार टाकला.

ते पडलं नाही. उभंच्या उभं उसळलं आणि धावलं. समोर काट्यांचं कुंपण होतं. एरवी हरीण ते सहज उडी मारून ओलांडतं. हे त्यात घुसलं. निघालं, पुन्हा घुसलं. मग बाभळीच्या खोडावर आदळलं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की त्याला दिसत नाही. बारीक छर्रे सगळे तोंडावर गेले होते. मी ओरडलो, "दुसरा बार टाका!" पण नाना बंदूक खाली ठेवून त्याच्यामागे धावत सुटले होते, जसं काही ते हाताने धरायचं होतं. हरीण नाल्यात उतरलं आणि दिसेनासं झालं.

नाना दिवसभर शोधत होते. मी थोडा वेळ हिंडलो, मग पाटलांच्या खळ्यावर जाऊन भाकरी खाल्ली. खाल्ली, हे लपवत नाही. संध्याकाळी नाना आले. धोतर फाटलेलं, हातापायांवर काटे. हरीण सापडलं नव्हतं.

पाटलांनी विचारलं, "काय झालं, साहेब?"

"माझा नेम चुकला," नाना म्हणाले.

मी तिथेच उभा होतो. तोंड उघडायला तेवढी जागा पुष्कळ होती. मी उघडलं नाही.

नानांनी परवाना परत केला. नव्या माणसाच्या खांद्याकडे बघणं बंद झालं. वजनं तळहातावर झुलवणं बंद झालं. शिक्का मारायचा आणि निघायचं. दुकानदार म्हणू लागले, देसलेसाहेब आता माणसात आले. मला त्यांच्याकडे बघवेना. रविवारी जाणं मी बंद केलं. कधी पाहुणे आले म्हणालो, कधी अंग मोडून आलं म्हणालो. मग खटपट करून जळगावला बदली मागून घेतली. धुळ्याहून कुणी आलं की निरोप असायचाच: नानांनी चहाला बोलावलंय. मी म्हणायचो, येतो. अक्का गेली, तेव्हाही मी पोस्टकार्डावर भागवलं. पुढे सरकारने शिकारीवर बंदी आणली. पेपरात ती बातमी वाचली त्या दिवशी मी तो पेपर लपवून ठेवला. त्या हरणाचं आमच्या घरात अजून कुणाला ठाऊक नाही.

गेल्या उन्हाळ्यात नानांकडे गेलो. काही निमित्त नव्हतं. माझेही केस पांढरे झालेत, आणि तो "हो" आता मला झोपू देत नाही.

देवपुरातलं घर तेच. नाना वाळून गेले होते. मला पाहून त्यांनी मान कलती केली, क्षणभर वाटलं आता म्हणतील, बावीस. पण "या, भाऊ, बसा" एवढंच म्हणाले. बसल्या बसल्या मी बोलून टाकलं, कारण चहा आला असता तर मग बोलायचं धाडस झालं नसतं.

"नाना, त्या दिवशी मी एल.जी. आणली नव्हती."

नाना धोतराच्या सोग्याने चष्मा पुसत होते. "चार नंबर होती," ते म्हणाले.

"तुम्हाला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"रक्त शोधत होतो. आधी चकती सापडली. पुढेच पडली होती, हरभऱ्यात."

म्हणजे पाटलांपुढे "माझा नेम चुकला" म्हणाले, तेव्हा ती चकती त्यांच्या खिशात होती.

"मग बोलला का नाहीत, नाना? मला थोबाडीत मारायची. कचेरीत सांगायचं सगळ्यांना!"

"त्याने काय झालं असतं? हरणाचे डोळे परत आले असते?" त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "आणि बोललो असतो तर तुम्हाला लाज वाटली असती. मग तुम्ही घरी आला नसता. माझं ते रामायण ऐकणारं दुसरं होतं कोण? अक्का म्हणायची, 'तोच एक ऐकनारा शे, त्याले सांभाळ.' म्हणून गप्प राहिलो."

मी म्हणालो, "नाना, मी तर तसाही आलो नाही."

"हो ना," नाना म्हणाले. "तेवढं माझं चुकलं."

मग गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि चहा ठेवायला आत गेले. मी ओसरीवर एकटा बसून होतो. आत स्टोव्ह पेटला. काटा खाली उतरवल्याचा आवाज आला. माझं माप त्यांनी विचारलं नाही. पारड्यात एक वजन पडलं, आणि थोड्या वेळाने, जरा चाचपडत, ते दुसरं, बारकं.