गाडी नियमात आली!

"गाडी थांबवनं हे हाताचं काम नाई, इज्जतीचं काम आहे!" असं टेंभूरटोल्याचे दादाजीभाऊ भानारकर नेहमी सांगत. आणि खरंच, त्यांना कधी हात दाखवावा लागला नव्हता. शहरातली माणसं बस दिसली की बुडत्यासारखे दोन्ही हात हलवतात, धावतात, दारावर थापा मारतात. दादाजीभाऊंना हे पाहून लाज वाटे. "ड्रायव्हर काय पळून चालला का बे? तो आपला पाव्हणा असते!"

टेंभूरटोल्याची रीत निराळी होती. गावाला थांबा होता, पत्र्याचं शेडही होतं, पण शेडात माणूस उभा राहत नसे. तिथे सुगंधाबाईच्या बकऱ्या राहत. ब्रह्मपुरीला जाणारी सकाळची गाडी तळ्याच्या पाळीवर आली की ड्रायव्हर अंकुश लांब हार्न द्यायचा. पहिल्या हार्नाला गाव चहा बशीत ओतायचं, दुसऱ्याला चप्पल शोधायचं. मग एकेक जण सावकाश निघायचा. कुंताबाईचा भात उतरायचा असला तर गाडी भातासाठी उभी. कोणाची कोंबडी पिशवीतून सुटली तर गाडी कोंबडीसाठी उभी. त्याच्या बदल्यात तळ्याची मासोळी निघाली की पहिला वाटा पळसाच्या पानात बांधून अंकुशच्या सीटखाली जायचा. इकडून मासोळी, तिकडून हार्न. कोणाचं कोणाकडे काही बाकी नाही!

अशा सुखाला दृष्ट लागली. डेपोतून बातमी आली की ज्या थांब्यांवर फारशी माणसं चढत नाहीत ते बंद करायचे. टेंभूरटोल्यासाठी गाडीला सडक सोडून आत वळावं लागे, म्हणून यादीत नाव वर. सोमवारी एक साहेब स्वतः गाडीत बसून येणार आणि डोळ्यांनी पाहून ठरवणार.

दादाजीभाऊंची मुलगी स्वाती ब्रह्मपुरीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. टोल्यातून कॉलेजात गेलेली ती पहिलीच पोरगी. पुढचा थांबा आंबेझरीचा, आणि मधे सगळं जंगल. त्याच वाटेवर वाघाने मुखरूचा बैल नेला होता. बैलासारखा बैल गेला, तिथे पोरीने वह्या छातीशी धरून रोज कसं जावं? थांबा गेला की कॉलेज गेलं, इतका सरळ मामला होता.

पण दादाजीभाऊ घाबरून बसणारे नव्हते. रविवारी त्यांनी समाजमंदिरात गाव गोळा केलं.

"उद्या सगळ्यायनं गाडीत चढाचं. काम असो का नसो!"

"मी कुठी जाऊ जी?" कुंताबाई म्हणाली. "माह्यं माहेर तं इथलंच आहे."

"ब्रह्मपुरी पाहून ये!"

"पाह्यली आहे ना."

"मंग अजून एकडाव पाह्य! अन् उद्या पिशवीत कोंबडी नाई पायजे. मासोळी नाई. धुतलेले कपडे घालजा. मुखरू, थुकाचं नाई!"

"दिवसभर?" मुखरू हबकला.

"साहेब जाईपर्यंत! अन् दुसरी गोष्ट. शेडाजवळ गर्दी करून उभं नाई राहाचं. साहेब लोकं हुशार असते, त्याले वाटन मुद्दाम जमवले. आपन सगळे इथी समाजमंदिरात बसू. हार्न वाजला का रोज येतो तसे दोघं-तिघं, बोलत बोलत, सहज निघाचं. मोर्चा नाई वाटला पायजे!"

स्वाती म्हणाली, "बाबा, मी तं शेडातच उभी राहतो."

"पागल झाली का? एकटी पोट्टी दिसली तं साहेब म्हणन, एका पोट्टीसाठी एवढी मोठी गाडी कायले वळवाची? तू सगळ्यायसंगं ये."

मग ते सुगंधाबाईकडे वळले. "बाई, तुमी शेडातच राहान. साहेबानं काई पुसलं तं रडगाणं नोका लावू. गोड बोलजा."

"मी कधी कडू बोलली जी?" सुगंधाबाई म्हणाली, आणि जवळच्या बकरीला एक रट्टा दिला.

एवढ्यावर थांबते तर दादाजीभाऊ कसले! संध्याकाळी गाडी परत आली तेव्हा त्यांनी अंकुशला बाजूला घेतलं.

"अंकुशभाऊ, उद्या आमच्या गावाची इज्जत तुह्या हाती आहे. एकदम नियमात चाल!"

"नियमात म्हंजे कसं जी?" अंकुशला नियमांची फारशी ओळख नव्हती.

"पुस्तकात असते तसं. कोणासाठी थांबू नोको. कोणाले रस्त्यात घेऊ नोको. बोंबाबोंब नाई, काई नाई. साहेबाले वाटलं पायजे का इथले ड्रायव्हर अन् इथले लोकं, दोघंही सुधरले!"

अंकुशने आधी मान हलवली, मग छातीला हात लावला. त्यालाही नोकरीची काळजी होतीच. "बिनघोर राहा, दादाजीभाऊ. उद्या असा चालवतो का पुस्तकवालाही पाहत राहीन!"

दादाजीभाऊ त्या दिवशी समाधानाने जेवले. दोन्ही बाजू पक्क्या केल्या होत्या. एकही फट ठेवली नव्हती!

सोमवारी सकाळी समाजमंदिर लग्नघरासारखं भरलं. कुंताबाईने नवं लुगडं काढलं होतं. मुखरू तोंड गच्च मिटून, गाल फुगवून बसला होता. शेजारी राइस मिल. धानाचे दिवस, मिल सकाळपासून गरजत होती. माणसाला माणसाचं ऐकू येईना. पण हार्न मिलच्या वरताण वाजतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे हार्नाची वाट पाहू लागले.

वाट पाहता पाहता चहा झाला. चहा झाल्यावर तोच विषय पुन्हा झाला. स्वाती दोनदा दाराशी जाऊन आली.

"बाबा, टाइम होऊन गेला."

"हार्न वाजला का?"

"नाई."

"मंग कायचा टाइम! अंकुश हार्न दिल्याशिवाय जाते का? आजवर गेला का?"

नाही गेला, हे खरं होतं.

तेवढ्यात दारात बकऱ्या आल्या आणि त्यांच्या मागून सुगंधाबाई, हसतमुखाने. "गेला जी तुमचा साहेब! लय साजरा मानूस!"

मिलच्या आवाजात दादाजीभाऊंना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "कोण गेला?"

"साहेब! गाडी आली, गपचूप उभी राह्यली. अंकुश तं माह्याकडे पाहीच ना, नवरदेवावानी समोर नजर! मी रोजच्यासारखा हात केला का बापू, जाय, मले नाई जाचं."

"हात केला!" दादाजीभाऊ किंचाळले.

"कराच लागते ना जी. जाचं नसलं तं ड्रायव्हरले कायले उभं ठेवाचं? मंग साहेब उतरला. मले पुसते, बाई, इथी कोणीच चढत नाई का? म्हणलं, चढते ना साहेब, ह्या बकऱ्या चढते बाकड्यावर. हासला बिचारा! मंग पुसते, गाडीबद्दल काई तक्रार? म्हणलं, काईच तरास नाई. गाडी आली तरी साजरं, नाई आली तरी साजरं!"

"असं काऊन म्हणलं वं, बाई?"

"तुमीच तं म्हणले, गोड बोलजा!"

समाजमंदिरात जो गलका झाला त्यापुढे मिल मुकी वाटली. "हार्न काऊन नाई वाजवला लेकाच्यानं?" मुखरू ओरडला, आणि सकाळपासून तोंडात साठवलेलं सगळं एकदाचं थुंकला. दादाजीभाऊंना उत्तर माहीत होतं. बोंबाबोंब नाई, काई नाई, हे त्यांचेच शब्द. पण ते उत्तर द्यायची ही वेळ नव्हती.

"भूपेश, गाडी काढ!"

शेजारच्या भूपेशच्या मोटारसायकलवर दादाजीभाऊ मागे बसले. धोतर पिशवीसारखं फुगलं. जंगलातल्या पायवाटेने भूपेशने अशी काही गाडी हाणली, की वाघ वाटेत असता तर त्यानेच बाजूला होऊन जागा दिली असती! नाल्याजवळ ते बसच्या पुढे निघाले. दादाजीभाऊ उतरले आणि रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. आणि ज्या माणसाने जन्मात गाडीला हात दाखवला नव्हता, त्याने दोन्ही हात दाखवले! बुडत्यासारखे! शहरातल्यासारखे!

बस आली. अंकुशने त्यांना पाहिलं. त्याचा चेहरा एकदम रडवेला झाला. त्याने अंगठ्याने हळूच मागे साहेबाकडे खूण केली, चाक वळवलं, आणि कोंबडीसाठी थांबणारा तो माणूस दादाजीभाऊंच्या अंगावर धूळ उडवून निघून गेला. दोन थांब्यांच्या मधे कोणाला घेऊ नये. नियम!

"आता काय जी?" भूपेशने विचारलं.

"आंबेझरी!"

आंबेझरीच्या थांब्यावर बस नियमाने उभी होती. आंबेझरीचे दोन म्हातारे चढत होते, एवढीच तिथली गर्दी. दादाजीभाऊ त्यांच्या मागून आत घुसले, तोच मागून धडधड आवाज आला. मुखरूने अख्खं गाव ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरून आणलं होतं! नवी लुगडी, धुतलेले सदरे, मधे उभी स्वाती. सगळे उड्या मारून उतरले आणि बसमध्ये चढले. सगळे म्हणजे सगळे. सांगितलं होतं ना, उद्या गाडीत चढायचंच!

साहेब सीटवरून उठून पाहू लागला. माणूस वाईट नव्हता. त्याचा चेहरा फुलला.

"अरे वा! या थांब्यावर तर जत्राच भरते!"

"साहेब, आमी टेंभूरटोल्याचे!" दादाजीभाऊ धापा टाकत म्हणाले.

"टेंभूरटोल्याचे? आणि इथून चढता?"

"ट्रॅक्टरनं आलो जी!" मुखरू छाती पुढे काढून म्हणाला. त्याला वाटलं, ट्रॅक्टरचं कौतुक चाललं आहे. "चुटकीत आणलं सगळ्यायले!"

"रोज आणता?"

"कवाही सांगा, साहेब! ट्रॅक्टर तं उभाच असते!"

साहेबाने समाधानाने मान हलवली. "म्हणजे तुमची सोय आहे. मला उगाच काळजी वाटत होती. तिथे थांब्यावर तर कोणीच नव्हतं."

"होतो ना जी! सगळे होतो! समाजमंदिरात."

"समाजमंदिरात बस येते का?"

"नाई जी, पण आमाले..." दादाजीभाऊ थांबले.

पुढचं वाक्य सोपं होतं. आमाले हार्नाची सवय आहे, अंकुश रोज हार्न देते, आमी येईस्तोवर गाडी उभी ठेवते. एवढं बोललं की थांबा कदाचित वाचला असता. पण आरशात त्यांना अंकुशचे डोळे दिसले. गाडी भातासाठी उभी राहते हे साहेबाच्या कानावर गेलं, की त्या डोळ्यांच्या घरचा भात बंद होणार. दादाजीभाऊंनी एकीकडे पोरगी ठेवली, एकीकडे ड्रायव्हर, आणि स्वातीकडे पाहिलं. तिने खिडकीबाहेर तोंड फिरवलं. ती सगळं समजली होती, हेच वाईट होतं.

"तुम्हाला काय?" साहेबाने विचारलं.

"काई नाई जी. आमाले काई तरास नाई."

"उत्तम! अशी समजूतदार माणसं सगळीकडे पाहिजेत!"

महिनाभरात हुकूम आला. टेंभूरटोल्याचं आडवळण बंद. गाडी सरळ सडकेने जाणार, आणि प्रवाशांचा उदंड प्रतिसाद पाहून आंबेझरीला पक्कं शेड! मुखरूचा ट्रॅक्टर धानाला लागला तो लागलाच. रोज पोरीला सोडायला कोण डिझेल जाळणार? टोल्यातली बाकीची मंडळी ब्रह्मपुरी पाहून चुकली होती. राहिली स्वाती.

"मी एकटी जातो," ती म्हणाली.

"मी आहे ना!" दादाजीभाऊंनी काठी उचलली. कॉलेज सुटू द्यायचं नाही, एवढी एकच गोष्ट त्यांच्या हातात उरली होती.

पहिल्या दिवशी बापलेक मोठमोठ्याने बोलत जंगलातून आले. आंबेझरीला स्वाती गाडीत चढली. जागा सगळ्या आधीच भरलेल्या, तेव्हा ती दांडीला धरून उभी राहिली. गाडी गेली. दादाजीभाऊ घराकडे वळले आणि जंगलाच्या तोंडाशी त्यांच्या लक्षात आलं, की येताना दोघं होते. आता ते एकटेच होते.

ते तिथूनच आंबेझरीला परत फिरले.

तेव्हापासून रोज सकाळपासून सांजेपर्यंत ते आंबेझरीच्या नव्या शेडात बसलेले असतात. आंबेझरीची माणसं मोठी जाण असलेली! येणारा-जाणारा प्रत्येक जण हात जोडतो. कोलूभाऊ तर घरून चहा आणतो. "दादाजीभाऊ, तुमच्या गावामुळं आमचा थांबा राह्यला जी! नाई तं आमचे ते दोन म्हातारे, त्यायच्यावर काय शेड भेटते?" दादाजीभाऊ मान हलवतात आणि चहा पितात. नाही म्हणणं बरं दिसत नाही.

सांजेला गाडी येते. स्वाती उतरते, दिवसभर उभी राहिल्यासारखी थकलेली. शेडात बसलेल्या बापाकडे बघते, त्यांची काठी उचलून त्यांच्या हातात देते आणि म्हणते,

"चला बाबा, घरी सोडून देतो तुमाले."