आबाजींचा नंबर

आबाजींच्या तेराव्याचं जेवण उरकलं आणि दुसऱ्याच सकाळी पणदऱ्याच्या डेअरीवर, रांगेतल्यांना हाक देणाऱ्या दिव्यांच्या पाटीवर त्यांचा नंबर लागला. "आबाजी, काटा दोन."

बिरदेव किटली तिथंच ठेवून मागं सरला. "मेलेल्याच्या मागनं दूध घालू? आपल्याच्यानं न्हाय व्हायचं!" त्याच्या मागचा अडला, मग त्याच्याही मागचा. आबाजींची बायको सारजाबाई तेवढी पुढं होऊन दूध घालून गेली. बाकीच्यांचं उन्हात नासलं. चेअरमन दत्तोबांनी एमआयडीसीतून अनुपला बोलावलं. डेअरीचा प्रोग्रॅम त्यानंच सी भाषेत लिहिला होता.

"तात्या," अनुप दत्तोबांना म्हणाला, "सीमध्ये माणूस वगळला तरी त्याची मेमरीतली जागा आपणच झाडावी लागते. माझं झाडायचं राहिलं."

"मग आपली आपण झाडणारी भाषा आण की!"

"पण सी लई चपळ हाय."

"चपळ हाय म्हणून मढ्याला रांगेत घेतीया व्हय?"

अनुपचा सीवर भारी जीव. त्यानं दोनदा डागडुजी केली, दोन्ही वेळा आबाजी हजर! शेवटी जड मनानं त्यानं जावा ही नवी भाषा आणली. ती गेलेल्याची जागा स्वतःच झाडून मोकळी करायची.

पहिल्याच सकाळी पाटीवर "सारजाबाई, काटा दोन" झळकलं. सारजाबाई हलली नाही. रांग संपली तरी ती किटली धरून उभीच.

"मावशी, तुमचंच नाव हाय की!" अनुप म्हणाला.

"आसंल बाबा. मला कुठं वाचाया येतंय? त्यांचं तेवढं वळखू यायचं. नव्या नवरीला त्यांनीच भुईवर काढून दावलं हुतं." तिनं पाटीकडं पाहिलं. "समदी म्हंत्यात, गेलं. हितं मातर रोज हाक यायची त्यास्नी."

आपल्या चुकीच्या सोबतीनं ही बाई दिवस काढत होती, आणि ती सोबतही आपणच झाडून टाकली, असं अनुपला झालं. निघण्याआधी त्यानं नव्या प्रोग्रॅममध्ये आपल्या हातानं एक ओळ जास्तीची लिहिली. नंबर मात्र शेवटचा ठेवला, मागं कुणी अडायला नको.

दुसऱ्या दिवशी रांग सरली आणि पाटी उजळली. "आबाजी, काटा दोन." सारजाबाई पदर सावरून लगबगीनं पुढं झाली.

दत्तोबांनी कपाळावर हात मारला. "अनुप, ही बी तसलीच निघाली का रं तुझी भाषा?"

"व्हय तात्या," अनुप मान खाली घालून म्हणाला, "तसलीच निघाली."